मनीऑर्डर थांबली तेव्हा

बैलगाडी हाकणाऱ्याला वळण आधी दिसते. तो कासरा आवळतो, आतल्या बैलाला थोपवतो, बाहेरच्याला चार पावले जास्त चालवतो आणि गाडी अलगद वळवून घेतो. इतिहासाच्या आणि आयुष्याच्या वळणाचे तसे नसते. ते आले केव्हा आणि गेले केव्हा याचा पत्ता लागत नाही. दहा-वीस वर्षांनी माणूस मागे पाहतो, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येते की सारे काही तिथेच बदलले.

आपल्या महाराष्ट्रातल्या लाखो शेतकरी घरांचे असे एक वळण मुंबईच्या परळ-भोईवाडा भागात पडले. तारीख होती १८ जानेवारी १९८२. त्या दिवशी मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. साठच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. संप दोन-तीन महिन्यांत मिटेल असे सर्वांनाच वाटत होते. तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांत असे गाव सापडणे कठीण, की ज्याला त्या संपाची झळ लागली नाही. म्हणून ही मुंबईची गोष्ट असली तरी ती आपल्या घरची आहे.

भोईवाड्यातले गाव

दादर स्टेशनाच्या पूर्वेला उतरून हिंदमाता ओलांडली आणि परळच्या दिशेने चालू लागले की नायगाव आणि परळ यांच्या मधला भाग म्हणजे भोईवाडा. भोई म्हणजे पालखी-मेणा वाहणारे, मासे धरणारे लोक. त्यांच्या वस्तीची आठवण या नावात राहिली आहे. पुढे गिरण्या आल्या आणि हा सारा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. टाटा मिल, स्प्रिंग मिल, कोहिनूर मिल या सगळ्या इथून पायी जाण्याच्या अंतरावर. भोंगा वाजला की चाळीच्या चाळी जाग्या होत.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला उभारली. १८५४ मध्ये कंपनी निघाली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. कापूस शेतकऱ्याचा आणि तो कातणारे-विणणारे हातही शेतकऱ्याच्याच पोराचे. कोकणात जमिनीचे तुकडे पोट भरण्याइतके नव्हते आणि घाटावर पावसाचा भरवसा नव्हता. मग घरातला एक भाऊ शेतावर राही आणि दुसरा मुंबईची वाट धरी. गावचा कोणी मुकादम किंवा जॉबर ओळखीचा असला की तो नव्या पोराला बदली म्हणून चिकटवून देई. बदली म्हणजे कायमचा कामगार गैरहजर असेल त्या दिवशी काम. रोज पहाटे गिरणीच्या दारात उभे राहायचे, काम मिळाले तर पाळी भरायची, नाही तर खोलीवर परत. कितीतरी जणांची उमेदीची वर्षे बदलीतच गेली.

खोली म्हणजे तरी काय? नायगावच्या बी. डी. डी. चाळीतली एक खोली १६० चौरस फुटांची. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात वीस-पंचवीस माणसे राहत. तीन पाळ्यांमुळे एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची अंथरली जाई. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी. त्या गाळ्यात गावचे मंडळ असे, भिशी असे, भजन असे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे छप्पर, विहिरीचा कठडा यांसाठी वर्गणी तिथूनच जाई. आणि दर महिन्याला जाई ती मनीऑर्डर. पोस्टमन दारात आला की म्हातारी अंगठा उठवी आणि त्या पैशातून बियाणे, सोसायटीचा हप्ता, वाण्याची उधारी, पोरांची फी असे सारे भागे. गणपतीला किंवा जत्रेला चाकरमानी गावी आला की घराला दिवाळी वाटे.

म्हणजे शेतीला मुंबईचा टेकू होता आणि मुंबईला शेतीचा. आजारी पडला, म्हातारा झाला की कामगार गावी येई. दुष्काळ पडला की गाव मनीऑर्डरीवर तगे. ही दुहेरी गाठ पुढे फार मोलाची ठरली.

पहिले मोठे वळण : प्लेग

मुंबई सोडून लोक एकदम गावाकडे धावले, असे १९८२ मध्ये प्रथमच घडले नव्हते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या चार-सहा महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. गिरण्यांना माणसे मिळेनात. कामगारांना रोजच्या रोज मजुरी देण्याची पाळी मालकांवर आली. नाक्यानाक्यावर जास्त मजुरीची बोली लावून माणसे पळवली जाऊ लागली. इकडे साथही लोकांबरोबर गावोगाव पोचली. गाव सोडून रानात खोपी घालून राहिल्याच्या आठवणी जुनी माणसे सांगत.

त्याच साथीने गिरणी कामगारांचा एक मोठा आधार हिरावला. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. प्लेगच्या दिवसांत ते रोग्यांच्या सेवेत उतरले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच रोगाने गेले. आज आपण रविवारची सुटी जन्मापासूनची समजतो. तिच्यामागे कोणाचे आयुष्य आहे हे मुलांना एकदा तरी सांगावे.

त्याच सुमाराला डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. तीच आजची हाफकिन संस्था. भोईवाड्यापासून ती हाकेच्या अंतरावर आहे. पुढे याच परिसरात १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालय आणि १९४१ मध्ये टाटा रुग्णालय उघडले. ज्या संकटाने शहर ओस पाडले, त्यातूनच परळला औषधोपचाराचे माहेर होण्याची सुरुवात झाली. वळण एकाच बाजूला नेते असे नाही, हे यातून दिसते.

अठरा जानेवारी कशी आली?

आता १९८२ कडे येऊ. संप एका दिवसात पेटला नाही. लाकूड बरेच दिवस वाळत होते.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच संघटना 'प्रातिनिधिक' मानली जाई. पगार-बोनसची बोलणी मालकाने तिच्याशीच करायची. मुंबईच्या गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. या संघाची 'मजदूर मंझिल' ही कचेरी भोईवाड्यातच, गं. द. आंबेकर मार्गावर आहे. पुष्कळ कामगारांची तक्रार अशी होती, की ही संघटना आपल्या मनातले बोलत नाही आणि तिला बदलायचे म्हटले तर कायदा आडवा येतो. संघाचे म्हणणे असे, की वाटाघाटीने जे मिळते ते टिकते, लांबलेला संप कामगारालाच बुडवतो.

१९८१ च्या दिवाळीला बोनसचा करार झाला. तो अनेकांना अपुरा वाटला. काही गिरण्यांत काम थांबले. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्या दारी गेले. डॉक्टर मूळचे कोकणातले. घाटकोपरला दवाखाना चालवता चालवता ते कामगारांचे पुढारी झाले होते आणि इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मोठ्या पगारवाढी मिळवल्या होत्या. कामगारांनी त्यांना गळ घातली. मागण्या वाढल्या : पगारवाढ, घरभाडे भत्ता, बदली कामगारांना कायम करणे आणि तो १९४६ चा कायदा रद्द करणे. १८ जानेवारीला भोंगा वाजला, पण दारात कोणी गेले नाही.

यात पडद्यामागे आणखी एक गोष्ट चालली होती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे यंत्रमागावर कापड स्वस्त पडू लागले होते. तिथे गिरणीचा पगार नव्हता, तीन पाळ्यांचे नियम नव्हते. काही गिरण्या तिकडून कापड विणून घेत आणि त्यावर आपला छाप मारीत. जुन्या यंत्रांवर पैसा घालण्यापेक्षा गिरणीखालची जमीनच जास्त मोलाची आहे, हेही काही मालकांना दिसू लागले होते. संप लांबला तरी त्यांचे फारसे अडणार नव्हते. साध्या कामगाराला हे कोण सांगणार? त्याला १९७३-७४ चा ४२ दिवसांचा संप आठवत होता. तसाच हाही मिटेल, असा त्याचा हिशेब होता.

गावाने पदर पसरला

पगाराची पहिली तारीख कोरडी गेली, दुसरी गेली. एस. टी. भरून माणसे गावाकडे येऊ लागली. आपण थोडे दिवस शेतात राबू, संप मिटला की परतू, असे सांगून ती आली. गावाने त्यांना नाही म्हटले नाही. शेतकऱ्यांनी पोत्यांनी धान्य मुंबईला पाठवले. ज्या खोल्यांतून वर्षानुवर्षे मनीऑर्डरी गावाकडे जात होत्या, त्या खोल्यांत आता गावाकडून ज्वारी-तांदूळ येऊ लागले. शेतकरी आणि कामगार यांच्या एकीची भाषणे पुष्कळ झाली आहेत. पण त्या वर्षी ती एकी पोत्याच्या वजनाने मोजता येत होती.

तरी घराघरांतले दिवस सोपे नव्हते. मुंबईकर भाऊ पाहुणा म्हणून आला तेव्हा त्याला पहिला भात वाढला गेला. तोच चार महिने राहिला, तेव्हा चुलीजवळ धुसफूस सुरू झाली. वाटणी न झालेल्या जमिनीत "माझा हिस्सा कुठला?" हा प्रश्न निघाला. ज्याने वीस वर्षे मनीऑर्डर पाठवून बैल घेऊन दिला, त्याला नांगर धरता येईना. ज्याने वीस वर्षे शेत राखले, त्याला वाटे की कष्ट माझे आणि वाटा दोघांचा. दोघांचेही खरे होते. ज्या घरांत वडीलधाऱ्याने किंवा आईने सर्वांना एकत्र बसवून मनीऑर्डरीचा आणि राबणुकीचा हिशेब बोलून घेतला, तिथे भाऊ एकत्र राहिले. जिथे तो मनातच राहिला, तिथे प्रकरण कोर्टात गेले.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे सावकार. "दोन महिन्यांत मिटणार आहे" या भरवशावर दागिना गहाण पडला, मग जनावर विकले गेले, मग जमिनीवर हात गेला. शाळेतली पोरे कामाला लागली. मुंबईत खोली विकून लोक दूरच्या उपनगरांत गेले. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला. हळूहळू गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, पण हजारो कामगारांना परत घेतलेच गेले नाही. डॉ. सामंत १९८४ मध्ये लोकसभेवर निवडून आले. १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांचा भर रस्त्यात खून झाला. आज त्यांच्याविषयी दोन्ही बाजूंनी कडाडून बोलणारी माणसे एकाच चाळीत भेटतात.

बाहेरचा बैल

सुरुवातीला गाडीच्या वळणाची गोष्ट काढली. वळणावर बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागते. या वळणावर बाहेरच्या बाजूला कोण होते? घरची बाई.

गिरणगावात खानावळी चालत त्या बायांच्या जिवावर. नवरा गेलेली, नवऱ्याची नोकरी सुटलेली, पदरात पोरे असलेली बाई वीस-वीस माणसांचा स्वयंपाक एका स्टोव्हवर रांधी आणि महिन्याने पैसे घेई. संपाच्या काळात कामगार उधार जेवत आणि तिची भांडी, मंगळसूत्र गहाण पडे. हे पाहून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या बायांना बँकेची पायरी ठाऊक नव्हती, त्या हप्ते फेडू लागल्या. १९८२ नंतर जेव्हा पुरुषाचा पगार कायमचा थांबला, तेव्हा अनेक घरे पोळीभाजीच्या डब्यांवर, पापड-लोणच्यांवर, शिवणयंत्रावर उभी राहिली.

गावीही तेच. परतलेल्या माणसाला मातीची सवय राहिली नव्हती. त्याला "उद्या होईल, परवा होईल" म्हणत धीर देणारी, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी, दूध घालणारी, कोंबड्या पाळणारी घरधनीणच होती. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचा त्या दिवसांत मोठा आधार झाला. पुढे १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा कोकणातल्या वरकस जमिनीत काजू-आंब्याची कलमे लागली. जिथे मनीऑर्डरीशिवाय काही उगवत नाही असे म्हणत, तिथे झाडे उभी राहिली. कष्ट बाईचे आणि सातबारा मात्र पुरुषाच्या नावे, ही रीत शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमाने त्याच सुमारास हलवली आणि काही गावांत बायकांची नावे जमिनीला लागली. ते काम अजून पुरते झालेले नाही. प्रत्येक घराने आपल्या उताऱ्यावर नजर टाकून पाहावी.

दहा रुपयांचे वळण

वळण माणसाला कसे घडवते याचा एक दाखला गिरणगावातलाच आहे. कवी नारायण सुर्वे हे जन्मतःच रस्त्यावर टाकून दिलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी आणले. त्यांनी आणि काशीबाईंनी त्या मुलाला आपले नाव दिले आणि पोटाला चिमटा घेऊन शाळेत घातले. पुढे गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि गावी निघाले. मुंबईत राहायला जागा नव्हती आणि गावी आणखी एक तोंड पोसण्याइतके काही नव्हते. त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि निरोप घेतला.

कोवळ्या वयाच्या पोराचे ते वळण. त्याने घरगडी म्हणून काम केले, हॉटेलात कपबशा विसळल्या, गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि शिकत शिकत त्याच महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाला. १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह आला. १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. दहा रुपये लवकर संपले असतील. चौथीपर्यंतची शाळा मात्र संपली नाही. गंगाराम आणि काशीबाईंनी दिलेली ती खरी शिदोरी. घर अडचणीत आले की पोराची शाळा सोडवणारांनी हे ध्यानात ठेवावे.

ट्रंकेतला कागद

गिरण्या गेल्या, तिथे मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे विक्रीला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि फक्त मोकळी जमीन वाटणीत धरायची असे ठरले. भाऊबंदकीच्या वाटणीत वाड्याखालची जागा सोडून नुसते परसू मोजावे, तसे झाले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो नियम कायम ठेवला. कामगारांच्या घरांसाठी जमीन थोडीच उरली.

तरी कामगार संघटनांनी पाठपुरावा सोडला नाही. १ जानेवारी १९८२ नंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला घर मिळावे असे ठरले. दीड लाखावर अर्ज आले आणि २०१२ मध्ये म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली. तेव्हा साऱ्या महाराष्ट्रातल्या गावांत जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. तिकीट नंबराचा बिल्ला, हजेरीचे कार्ड, विमा योजनेचे कार्ड, फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी. ज्या घराने ते जपले, त्याचा अर्ज सरळ झाला. ज्या घराने मेलेल्या माणसाचे कागद चुलीत घातले, त्याचे वारस आजही कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आहेत. तीस वर्षांपूर्वीच्या एका मळक्या कार्डावर मुंबईतल्या घराचा हक्क अवलंबून राहील, असे १९८२ मध्ये कोणाच्या मनात आले होते?

वळणावर काय धरून ठेवावे?

वाचकहो, ही जुनी कहाणी उगाळण्याचे कारण आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि पुन्हा एकदा मुंबई-पुण्याची माणसे पायी, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाली. पुन्हा तेच प्रश्न, तीच धुसफूस, तीच चूल. आज पैसे मनीऑर्डरीने येत नाहीत, मोबाइलवर येतात. पण एका माणसाच्या पगारावर टेकलेली घरे आजही आहेत. पगार थांबतो, पाऊस हुकतो, भाव कोसळतो, किंवा घरात मोठे दुखणे निघते. आज गावचा माणूस भोईवाड्याच्या बाजूला जातो तो पुष्कळदा टाटा किंवा के. ई. एम. रुग्णालयात रोगी घेऊन. रस्त्याच्या कडेला बोचके उशाशी घेऊन झोपलेली माणसे पाहिली की कळते, घराघरांची वळणे आजही त्याच परिसरात पडत आहेत.

इतिहासाचे वळण आपल्या हातात नसते. संप कोणी पुकारला, गिरणी कोणी विकली, साथ कुठून आली, यातले काहीच त्या शेतकरी घरांना विचारून झाले नाही. पण पहिल्या वर्षात घराने काय केले, ते मात्र त्यांच्या हातात होते. सारख्याच पगाराच्या, शेजारशेजारच्या दोन घरांतले एक सावरले आणि एक बुडाले, ते त्यामुळे. सावरलेल्या घरांकडून शिकण्यासारख्या पाच गोष्टी दिसतात.

पहिली, "लवकरच मिटेल" या भरवशावर कर्ज काढू नये. संकट वर्षभर चालेल असे धरून पहिल्याच महिन्यात खर्च आखावा. लवकर मिटले तर आनंदच आहे.

दुसरी, घाबरून जमीन विकू नये. द्यावीच लागली तर कसायला द्यावी, गहाण ठेवावीच लागली तर कागद करून ठेवावी. विकलेली जमीन परत येत नाही.

तिसरी, मुलाची आणि त्याहून आधी मुलीची शाळा सोडवू नये. शाळा सोडवून जे चार पैसे येतात ते एका हंगामात संपतात.

चौथी, घरच्या बाईला हिशेबात घ्यावे. देणे किती, येणे किती, कागद कुठे आहेत हे तिला ठाऊक असावे आणि तिचे नाव बँकेच्या खात्यावर व जमिनीवर असावे. वळणावर जास्त चालणार तीच आहे, तर कासराही तिच्या हातात हवा.

पाचवी, कागद जपावे. नोकरीचे, विम्याचे, फंडाचे, कर्जफेडीचे, रुग्णालयाचे. एक पत्र्याची पेटी आणि चार डांबरगोळ्या एवढाच त्याचा खर्च.

भोईवाड्याच्या आसमंतात आता भोंगा वाजत नाही. तिथल्या चाळींच्या जागी टॉवर उठत आहेत आणि काही वर्षांनी गावकऱ्यांचा गाळा कसा असे, हे सांगणारेही उरणार नाहीत. आपल्या घरात त्या काळी मुंबईला राहिलेले कोणी आजोबा, आजी, चुलता, मावशी अजून असतील, तर येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. पगार थांबला तेव्हा घर कसे चालवले, कोणी उधार दिले, काय विकले आणि काय विकले नाही, हे विचारा. पोरांनाही जवळ बसवा. पुढचे वळण त्यांना घ्यायचे आहे.